एका रविवारचं तिकीट: अमेरिकन कॉलेज सॉकरचा नोव्हेंबर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. जे राहिलेत ते राहू द्या.)

आजचा विषय थोडा आडबाजूचा आहे. प्रीमियर लीग नाही, चॅम्पियन्स लीग नाही, आयएसएल तर नाहीच नाही. आज बोलू या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांच्या फुटबॉलबद्दल. त्यातही एका छोट्या तुकड्याबद्दल, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणाऱ्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिप स्पर्धांबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, अरे, हे कोण बघतं? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतही फार लोक बघत नाहीत. तिकडे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावलेला खेळ. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात, आणि कॉलेजातला पुरुषांचा सॉकर हा तर लोकप्रियतेच्या रांगेत बराच मागे उभा आहे. पण या स्पर्धांमध्ये एक गंमत आहे, जी मला एक इंजिनीअर म्हणून फार आवडते. ही स्पर्धा मोजमाप म्हणून अगदी खराब आहे, आणि दार म्हणून फार छान आहे. हे वाक्य आत्ता विचित्र वाटेल. एपिसोड संपेपर्यंत ते तुम्हाला पटवून द्यायचं, एवढंच आजचं काम.

आधी रचना समजून घेऊ

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिचा सगळ्यात वरचा स्तर म्हणजे डिव्हिजन वन. तिथे पुरुषांच्या सॉकरचे दोनशेच्या वर संघ आहेत. दोनशे संघ एकमेकांशी खेळणं शक्य नाही, म्हणून ते गटांमध्ये विभागलेले असतात. या गटांना म्हणायचं कॉन्फरन्स. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणजे एसीसी, मग बिग टेन, बिग ईस्ट, आयव्ही लीग, अमेरिका ईस्ट, सन बेल्ट अशा बऱ्याच आहेत.

हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संघ आपल्या कॉन्फरन्समधल्या आणि बाहेरच्या संघांशी खेळतात. त्यातून गुणतक्ता तयार होतो. मग नोव्हेंबर उजाडतो आणि बहुतेक कॉन्फरन्स आपापली बाद फेरीची स्पर्धा भरवतात. हरलात की बाहेर. तीन-चार सामने सलग जिंकलात की तुम्ही कॉन्फरन्स चॅम्पियन.

आणि इथे खरी मेख आहे. या स्पर्धेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेत जागा किती? ४८. त्यातल्या वरच्या १६ संघांना मानांकन मिळतं आणि पहिल्या फेरीत सुट्टी. या ४८ जागांपैकी एक मोठा हिस्सा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव. उरलेल्या जागा एक निवड समिती भरते.

म्हणजे आत जायचे रस्ते दोन. एक, रविवारी फायनल जिंका आणि कुणालाही न विचारता आत या. दोन, समितीला पटवा की तुम्ही चांगले आहात.

ऐकायला दोन्ही रस्ते सगळ्यांना खुले वाटतात, पण तसे ते नाहीत. का, ते आता बघू.

समितीचं गणित

वर्षानुवर्षे या समितीच्या टेबलावरचा एक महत्त्वाचा आकडा म्हणजे आरपीआय. पूर्ण नाव रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स. सूत्र सोपं आहे. वहीत लिहून घेतलंत तरी चालेल.

तुमची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी, तिला वजन २५ टक्के. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची जिंकण्याची टक्केवारी, तिला वजन ५० टक्के. आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी, तिला उरलेलं २५ टक्के.

नीट ऐकलंत का? तुम्ही स्वतः किती जिंकलात याला फक्त पाव वजन. बाकी तीन चतुर्थांश भाग तुम्ही कुणाशी खेळलात आणि ते कुणाशी खेळले यावर.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनातले आहेत, फक्त गणित कळण्यासाठी. समजा एक छोट्या कॉन्फरन्समधला संघ आहे. त्याने ८० टक्के सामने जिंकले. पण त्याचे प्रतिस्पर्धी ४५ टक्केवाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ४८ टक्केवाले. हिशोब केला तर येतात ०.५४५. आता दुसरा संघ, मोठ्या कॉन्फरन्समधला. त्याने जेमतेम ५५ टक्के जिंकले. पण त्याचे प्रतिस्पर्धी ६२ टक्केवाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ५७ टक्केवाले. त्याचे येतात ०.५९०.

झालं? पाचातले चार सामने जिंकणारा मागे, आणि निम्म्याहून थोडे जास्त जिंकणारा पुढे.

यात कुणी लबाडी करत नाहीये, हे लक्षात घ्या. सूत्राचा हेतू चांगलाच आहे. सोप्या संघांना हरवून फुगलेला आकडा आणि कठीण संघांशी झुंजून मिळवलेला आकडा सारखा धरायचा नाही, हे बरोबरच आहे. पण छोट्या कॉन्फरन्सच्या संघासाठी याचा अर्थ असा होतो की त्याच्या हातात जेवढं आहे त्याला पाव किंमत. बाकीचं त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून. आणि मोठे संघ आपल्या मैदानावर छोट्यांशी खेळायला उत्सुक असतातच असं नाही, कारण जिंकून मिळणार थोडं आणि हरलो तर जाणार खूप.

आपल्याकडे इंजिनीअरिंगला टर्मवर्कचे मार्क असतात ना? एखाद्या कॉलेजात सढळ हाताने देतात, एखाद्या कॉलेजात हात आखडून. पोरगं तेवढंच हुशार, पण कुठल्या कॉलेजात बसलंय त्यावर मार्क. तसंच काहीसं.

म्हणून मोठ्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघासाठी कॉन्फरन्स स्पर्धा हा मानाचा विषय आहे. हरले तरी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांची जागा बहुतेक पक्की असते. छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र चित्र उलटं असतं. तिथे पहिल्या क्रमांकावरचा संघसुद्धा सेमीफायनलला हरला की बॅग भरून घरी जाऊ शकतो. दोन महिने केलेली कामगिरी एका संध्याकाळी संपते.

एसीसीचे किस्से

आता मोठ्यांकडे बघू, म्हणजे फरक नीट कळेल. कॉलेज सॉकरमधली सगळ्यात दणकट कॉन्फरन्स म्हणून एसीसीचं नाव घेतलं जातं. क्लेमसन, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, वेक फॉरेस्ट, नोत्र दाम, सिराक्यूज, सगळी भारी मंडळी. १९८७ पासून त्यांची ही स्पर्धा होते. सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या संघाच्या कॅम्पसवर, आणि अलीकडच्या वर्षांत फायनल नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी या गावी.

केरी! हे नाव ऐकून काही जणांचे कान टवकारले असतील, कारण तुमचा कुणीतरी दादा, ताई किंवा मावसभाऊ तिकडे नक्की असणार. रॅली, केरी, मॉरिसव्हिल हा सगळा आयटीवाल्यांचा पट्टा. भारतीय कुटुंबं भरपूर, मराठी घरंही बरीच. शेजारच्या मॉरिसव्हिलमधल्या चर्च स्ट्रीट पार्कवर २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, ते तुमच्यापैकी काहींनी बघितलेही असतील. त्याच भागात केरीचं वेकमेड सॉकर पार्क आहे. क्रिकेट बघायला गर्दी करणाऱ्या आपल्या लोकांच्या घरापासून काही मिनिटांवर देशातला सगळ्यात चांगला कॉलेज सॉकर खेळला जातो.

आता किस्से. २०२१ साली एसीसीची फायनल नोत्र दामने ड्यूकला २-० हरवून जिंकली. क्लेमसन त्या फायनलमध्ये नव्हतंच. पुढे महिन्याभराने, त्याच केरीमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला नोत्र दामसमोर उभं कोण राहिलं? क्लेमसन. सामना पेनल्टीवर गेला आणि क्लेमसन जिंकलं. फायनलमध्ये वॉशिंग्टनला २-० हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. त्यातला पहिला गोल तर सामना सुरू होऊन अर्धं मिनिटही झालेलं नसताना आला!

म्हणजे आपल्याच कॉन्फरन्सची स्पर्धा न जिंकलेला संघ देशाचा विजेता झाला. आणि हे एकदाच झालं असंही नाही. २०१४ साली व्हर्जिनिया देशाचं विजेतं झालं, पण त्या वर्षीची एसीसी स्पर्धा क्लेमसनने जिंकली होती. २०१८ साली मेरीलँड देशाचं विजेतं झालं, पण बिग टेनची स्पर्धा इंडियानाने जिंकली होती. मेरीलँडने राष्ट्रीय सेमीफायनलला त्याच इंडियानाला २-० उडवलं.

आता उलटं उदाहरण. २०२२, सिराक्यूज. प्रशिक्षक इयन मॅकइंटायर, मूळचे इंग्लंडचे. त्यांच्या संघाने एसीसीच्या फायनलला क्लेमसनला २-० हरवलं. पुढे राष्ट्रीय फायनलला गाठ इंडियानाशी पडली. इंडियाना म्हणजे आठ राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेला संघ, आणि सिराक्यूजच्या नावावर पुरुष सॉकरचं एकही नाही. मैदान पुन्हा केरीचं. सामना २-२. मग पेनल्टी, ७-६, सिराक्यूज विजेते. घानाहून आलेला नेथन ओपोकू, ज्याने त्या फायनलचा पहिला गोल केला, पुढच्याच महिन्यात थेट इंग्लंडच्या लेस्टर सिटीशी करारबद्ध झाला.

त्या सिराक्यूजसाठी एसीसीचं विजेतेपद हा पुढच्या वाटेवरचा थांबा होता. मोठा थांबा, मान्य. पण फायनल हरले असते तरी त्यांचा हंगाम तिथे थांबला नसता.

२०१९ साली जॉर्जटाऊनचंही तसंच झालं. त्यांनी बिग ईस्टची स्पर्धा जिंकली आणि मग राष्ट्रीय फायनलला व्हर्जिनियाला पेनल्टीवर हरवलं. तो सामना ३-३ होता. वेळ मिळाला तर त्याच्या हायलाइट्स नक्की शोधा.

मोजमाप खराब का?

आता माझ्या आवडीचा भाग. थोडं गणित करू. घाबरू नका, अकरावीचं आहे.

समजा एक संघ आपल्या कॉन्फरन्समध्ये स्पष्टपणे सगळ्यात भारी आहे. इतका, की कुणाशीही खेळला तरी जिंकण्याची शक्यता ७० टक्के. फुटबॉलमध्ये ही शक्यता खूप मोठी आहे, कारण गोल कमी होतात. एखादा चेंडू पाठीला लागून आत गेला, एखादी पेनल्टी मिळाली, की सामना फिरला. आता या संघाला तीन सामने सलग जिंकायचेत. ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७. उत्तर, ०.३४३. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. दुसऱ्या शब्दांत, तीनपैकी दोन वेळा हा सगळ्यात भारी संघ स्पर्धा जिंकणार नाही!

शक्यता ६० टक्के धरली, तर तीन सामन्यांना साधारण २२ टक्के. चार फेऱ्या असतील तर १३ टक्के.

म्हणून म्हटलं, सर्वोत्तम संघ कोण हे शोधायचं असेल तर बाद फेरी हे खराब यंत्र आहे. आमच्या भाषेत सांगायचं, तर सॅम्पल छोटं आणि नॉइज जास्त. दोन महिन्यांचा गुणतक्ता याहून कितीतरी बरा. म्हणूनच आयव्ही लीगने बरीच वर्षं अशी स्पर्धा ठेवलीच नव्हती. गुणतक्त्यात पहिला आला तो विजेता, विषय संपला. पण २०२३ पासून त्यांनीही स्पर्धा सुरू केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ मध्येही पुरुष सॉकरची कॉन्फरन्स स्पर्धा नव्हती, आणि त्यातूनच आलेल्या स्टॅनफर्डने २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं पटकावली. म्हणजे या स्पर्धेशिवायही चांगला संघ घडतो.

मग प्रश्न असा, की गणित एवढं स्पष्ट असताना ही स्पर्धा ठेवायचीच कशाला?

दार म्हणून

एक कारण सरळ आहे. तिकिटं विकली जातात, सामने दाखवता येतात, नोव्हेंबरमध्ये कॅम्पसवर थोडी जत्रा भरते. ठीक आहे.

पण माझ्या मते खरं कारण दुसरं आहे, आणि ते ऑक्टोबरमध्ये दिसतं. स्पर्धा नसेल तर गुणतक्त्यात मागे पडलेल्या संघाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावरच संपतो. सामने उरलेले असतात, पण खेळायचं कशासाठी? स्पर्धा असेल तर सहाव्या क्रमांकावरच्या संघालाही सरावाला जायचं कारण असतं. दुखापतीतून परतणाऱ्या पोराला डॉक्टरचे व्यायाम करायचं कारण असतं. काही कॉन्फरन्समध्ये वरच्या चार-सहा संघांनाच प्रवेश मिळतो, म्हणून सहाव्या-सातव्या क्रमांकासाठीही जीव तोडून सामने होतात.

आणि आरपीआयचं जे गणित मघाशी केलं, त्यावर हाच एक उतारा आहे. सूत्र म्हणतं, तुम्ही कुणाच्या शेजारी राहता ते सांगा. रविवारची फायनल म्हणते, तुम्ही समोरच्याला हरवलंत का, एवढंच सांगा. या एका जागी समिती नाही, टक्केवारी नाही, शेजारी नाहीत. छोट्या संघाला उघडं मिळणारं हे बहुतेक वेळा एकमेव दार.

दार उघडं ठेवून काय फायदा, छोटे आत येऊन पहिल्याच फेरीत मार खाणार, असं कुणी म्हणेल. तर २०२४ चं व्हरमाँट आठवा. अमेरिका ईस्ट नावाच्या छोट्या कॉन्फरन्समधला संघ. राष्ट्रीय स्पर्धेत मानांकन नाही, म्हणजे पहिल्या फेरीपासून खेळायचं, सुट्टी नाही. एकेक करत ते फायनलला पोचले. १६ डिसेंबर, पुन्हा केरी. समोर मार्शल. मार्शलने आघाडी घेतली, व्हरमाँटने शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी साधली, आणि जादा वेळेत ९५ व्या मिनिटाला मॅक्सिमिलियन किसेलने गोल केला. २-१. व्हरमाँट देशाचे विजेते. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडणारं एक छोटं राज्य!

असा संघ दरवर्षी निघत नाही. निघू शकतो, एवढ्यासाठी दार हवं.

शेवटचे दहा सेकंद

आता नियमांमधल्या दोन-तीन गमती सांगतो, कारण पहिल्यांदा बघाल तेव्हा गोंधळ होईल.

पहिली, घड्याळ उलटं चालतं. आपल्याला सवय आहे शून्यापासून ४५ पर्यंत आणि वर रेफरीच्या मनात येईल तेवढी जादा मिनिटं. तिकडे ४५ वरून शून्याकडे येतं, आणि गोल झाला किंवा कुणी जखमी झालं की थांबतं. शून्य झालं की संपलं. चेंडू गोलरेषेच्या दिशेने हवेत असला तरी संपलं. बऱ्याच मैदानांवर शेवटचे दहा सेकंद माइकवरून मोठ्याने मोजतात. दहा, नऊ, आठ...

दुसरी, बदली खेळाडू. बाहेर गेलेला खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येऊ शकतो. आपल्या फुटबॉलच्या डोळ्यांना हे खटकतं, पण दोन महिन्यांत एवढे सामने खेळायचे आणि वर परीक्षाही द्यायच्या, म्हणून ती सोय.

तिसरी, जादा वेळ. आधी पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा, गोल्डन गोल. २०२० च्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता असाच ठरला. कोविडमुळे फायनल मे २०२१ मध्ये झाली आणि जादा वेळेतल्या एका गोलवर मार्शलने इंडियानाला हरवलं. २०२२ पासून हा नियम गेला. आता साखळीत जादा वेळ नाही, बरोबरी ती बरोबरी. बाद फेरीत दहा-दहा मिनिटांचे दोन पूर्ण भाग, आणि तरीही निकाल नाही तर पेनल्टी. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे पेनल्टीवर जिंकलेला सामना रेकॉर्डमध्ये बरोबरी म्हणूनच लिहिला जातो. पेनल्टी फक्त पुढे कोण जाणार ते ठरवते. म्हणजे एखादा संघ हंगामात शेवटचा सामना न हरताही घरी जाऊ शकतो. कागदावर बरोबरी, आणि बस परतीच्या रस्त्याला.

आता त्या दहा सेकंदांकडे परत येऊ. मैदानावर जे सीनियर आहेत, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, त्यांच्यापैकी बहुतेक जण पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळणार नाहीत. ओपोकूसारखे मोजके. बाकीचे कुठे अकाउंटंट, कुठे शिक्षक, कुठे आमच्यासारखे लॅपटॉपसमोर. पैशांचंही सांगतो. बरीच वर्षं एका संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती. दहासुद्धा नाहीत, आणि त्या पंचवीस-तीस पोरांत वाटायच्या. म्हणजे अनेक जण थोड्याशा मदतीवर, स्वतःच्या खिशातून फी भरून, पहाटे उठून सराव करत आलेत. २०२५ मधल्या कोर्टातल्या समझोत्यानंतर ही पद्धत बदलली. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आता शिष्यवृत्तीची ती मर्यादा नाही, पण संघात २८ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. कुणाला पूर्ण फी मिळेल, आणि कुणाची जागाच जाईल.

तर छोट्या कॉन्फरन्सची सेमीफायनल चालू आहे, ०-१ ने मागे, आणि माइकवर दहा, नऊ, आठ सुरू झालंय. त्या संघातल्या पाच-सहा पोरांसाठी हे त्यांच्या आयुष्यातल्या स्पर्धात्मक फुटबॉलचे शेवटचे आकडे आहेत. वयाच्या सहा-सात वर्षांपासून खेळत आलेत. समितीकडे त्यांचं नाव निघणार नाही, हे त्यांना माहीत असतं. म्हणून असे सामने बघताना गोलकीपरसुद्धा शेवटच्या कॉर्नरला पुढे धावत जातो तेव्हा हसू येत नाही.

मग काय करायला हवं?

मी या स्पर्धांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. दोन महिन्यांच्या मेहनतीला काहीतरी किंमत मिळाली पाहिजे. अनेक कॉन्फरन्स हे करतातही. गुणतक्त्यात वर असलेल्या संघाला घरचं मैदान मिळतं, पहिल्या एक-दोन संघांना सुरुवातीची फेरी खेळावी लागत नाही. गणिताने बघा. तीनऐवजी दोनच सामने जिंकायचे असतील तर मघाचे ३४ टक्के होतात ४९. म्हणजे जवळपास निम्मी शक्यता. भारी संघाला एवढी सवलत मिळणं योग्यच. बाकी निम्मी शक्यता इतरांसाठी उरते, आणि तेवढी उरलीच पाहिजे.

उलट दिशेने जायला लागलो की मला काळजी वाटते. गेल्या काही वर्षांत कॉन्फरन्सची मोडतोड झाली, आणि ती झाली हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशांमुळे. पॅक-१२ फुटली. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया २०२४ पासून एसीसीमध्ये आले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स असं नाव, आणि दोन संघ पॅसिफिकच्या किनाऱ्यावर! बोरिवलीचं कॉलेज कोलकात्याच्या झोनमध्ये टाकल्यासारखं. यूसीएलए आणि वॉशिंग्टन गेले बिग टेनमध्ये. एसीसीत पुरुष सॉकरचे संघ झाले १५. सॉकर खेळणाऱ्या पोरांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना गुरुवारी परीक्षा आणि शुक्रवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना.

मोठे आणखी मोठे होत गेले, की आरपीआयसारख्या सूत्रात त्यांचे शेजारी आणखी भारी होतात, आणि समितीच्या जागा आणखी त्यांच्याकडे सरकतात. मग एखाद्या वर्षी कुणीतरी म्हणेल, छोट्या कॉन्फरन्सना थेट प्रवेश कशाला, सगळ्या ४८ जागा आकड्यांवरच भरू या. त्यातून मोजमाप नक्कीच सुधारेल, पण सगळं आकड्यांवर सोपवायचं म्हटलं, तर ऑक्टोबरमध्येच अर्ध्या देशाचे बूट बॅगेत जातील. मला दार हवंय.

तुम्ही म्हणाल, हे तुझं मत. हो, माझंच. तुमचं वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी वाजवू.

आणि येत्या नोव्हेंबरमध्ये एक करा. एसीसी, बिग टेन बघाच, पण जोडीला एक छोटी कॉन्फरन्स निवडा. कुठलीही. जिथे तुमचा मित्र एमएस करतोय तिथली निवडा, म्हणजे त्याच्याशी बोलायला विषयही मिळेल. गुणतक्त्यात मधल्या क्रमांकावरचा एक संघ धरा आणि स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून त्याच्या मागे लागा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. जेवण झालेलं असतं, सोमवारचं स्टँडअप अजून लांब असतं. तुमचा संघ बहुधा फायनलच्या आधीच हरेल. गणित आपण केलंय. पण जिंकला, तर सोमवारी ऑफिसमध्ये तुम्ही एकटेच असाल ज्याला हे माहीत असेल.

आजच्यापुरतं इतकंच. एपिसोड आवडला असेल तर तिकडे राहणाऱ्या एखाद्या दादा-ताईला पाठवा, खास करून केरीवाल्यांना. त्यांना सांगा, क्रिकेट झालं, आता शेजारचं मैदानही बघून या. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!